हुबळीचा वाचक

"मग तिघांतलं कुठलं ठेवू, स्वामीजी?"

तम्माण्णा मगदुमांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

स्वामी तांदूळ निवडत होते. 

सूप खरं म्हणजे माझं. मठात बावीस वर्षं मीच रांधते. पण मी निवडायला बसले की स्वामी येतात आणि सूप ओढून घेतात. वय ऐंशी, नजर अधू. खडे तसेच राहतात आणि जेवणारे माझ्याकडे बघतात. सांगून सांगून माझी जीभ झिजली.

"स्वामीजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग?"

"पहिल्यापासून सांग."

मी कपाळावर हात मारला. पहिल्यापासून म्हणजे आणखी अर्धा तास. चुलीवर हुग्गी होती, खपली गव्हाची खीर, गुरुवारचा नैवेद्य. ती सारखी ढवळत राहावी लागते. हे दोघं बसलेल्या कट्ट्याला चूल लागूनच, त्यामुळं ह्यांचं सगळं बोलणं माझ्या कानांत.

मगदुमांची ओळख सांगते. सरकारी मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून द्यायचे. तालुक्यातला एकही बांध असा नसेल ज्याच्यावरून ते चालले नाहीत. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणतो, स्वामी सोडून. स्वामींनी त्यांना चड्डीत बघितलंय.

रिटायर झाल्यावर गप्प बसवेना म्हणून साहेब ब्लॉग लिहायला लागले. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही, कुणीही येऊन वाचावी, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. माझी भाची तिकडंच रेसिपी टाकते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

आज ते लॅपटॉप घेऊनच आले होते. कट्ट्यावर उघडून ठेवला होता. त्याला नेटचं एक काडेपेटीएवढं यंत्र लावलेलं.

"ब्लॉगवर किती लोक आले ते मोजायला यंत्रं मिळतात, स्वामीजी. मी तीन लावलीत. तिन्हींमुळं पान उघडायला वेळ लागतो. एक ठेवायचं, दोन काढायची. एवढंच ठरवायचंय."

"तिन्ही काय सांगतात?"

"तिथंच तर सगळा घोळ आहे!" साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "गेल्या गुरुवारचं घ्या. तोच लेख, तोच दिवस. पहिलं म्हणतं, एकेचाळीस वाचक. दुसरं म्हणतं, नऊ. तिसरं म्हणतं, तीनशे बारा."

"अरे वा."

"अरे वा काय? तीनशे बारात निम्म्याहून जास्त माणसंच नाहीत. ती यांत्रिक वाचणारी. इंटरनेटवर फिरत असतात, दिसेल ते पान उघडतात."

"वाचतात?"

"वाचतात म्हणजे... नुसतं बघून जातात."

"आमच्याकडंबी असले येतात," मी चुलीपाशून म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"मग तिसरं काढून टाक," स्वामी म्हणाले.

"काढलं असतं. पण ते माझ्याच जागेत बसतं, माहिती बाहेर जात नाही. दुसरं फार सभ्य आहे. कोण आलं, कुठून आलं, काही विचारत नाही. नुसता आकडा देतं, नऊ. पुतण्या म्हणतो, काका, हेच ठेवा, लोकांच्या मागावर राहणं बरं दिसत नाही."

"बरोबर म्हणतो."

"बरोबरच म्हणतो!" साहेब जवळजवळ ओरडले. "पण मग..."



"पण मग काय?"

"पहिलं यंत्र गाव सांगतं. वाचणारा कुठल्या गावातून आला ते."

स्वामींनी सुपातला एक दाणा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि परत टाकला. खडाच होता तो. मला इथून दिसत होता.

"तुझ्या खात्यात असं झालं तर?" स्वामींनी विचारलं. "एक शेत, तीन मोजण्या, तीन आकडे?"

झालं! मला कळलं आता काय येणार. साहेबांची छाती फुगली, पाठ ताठ झाली, आवाज खात्यातला झाला.

"आमच्या खात्यात असं होऊच शकत नाही, स्वामीजी. मोजणी म्हणजे काय नुसती साखळी टाकली आणि झालं? त्याच्या आधी नोटिसा निघतात. ज्याचं शेत त्याला तर जातेच, पण चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना जाते. अमुक तारखेला मोजणी आहे, हजर राहा. प्रत्येकाच्या हातात कागद पडला पाहिजे. घेतल्याची सही पाहिजे. त्या सहीला आम्ही पोच म्हणतो. पोच नसेल तर मोजणी नाही."

"नाहीच?"

"नाही म्हणजे नाही. करंबळवाडीचं सांगितलं का तुम्हाला?"

अकरा वेळा सांगितलंय. मी मोजलंय. पण स्वामी म्हणाले, "सांग की."

"शेताचा मालक बडी असामी. मोजणीला मांडव घातलेला. चाळीस माणसं, चहा, फराळ. मी मोजणीचं टेबल मांडलं, साखळी सोडली, आणि सवयीनं फाईल बघितली. पूर्वेच्या बाजूला एक तुकडा, काशव्वा नावाच्या म्हातारीचा. शिपायानं तिच्या नावापुढं लिहिलेलं, गैरहजर. मी त्याला विचारलं, पोच कुठाय? तो म्हणाला, साहेब, घराला कुलूप होतं, ती बहिणीकडं असते. मी परत विचारलं, पोच कुठाय? मालक म्हणाला, साहेब, जाऊ द्या, म्हातारी काय करणार आहे? मी म्हटलं, ज्याला बोलावलंच नाही त्याला गैरहजर कसं लिहू? टेबल मिटलं, साखळी गुंडाळली आणि भर उन्हात एसटी स्टँडवर चालत गेलो. फराळाला शिवलोसुद्धा नाही."

"चाळीस माणसांसमोर?"

"चाळीस!"

"काय विचारलंस त्या शिपायाला?"

"पोच कुठाय."

"चांगलं विचारलंस," स्वामी म्हणाले आणि तांदळाकडं वळले.

साहेब खूश झाले. थोडा वेळ लॅपटॉपकडं बघत बसले. मग परत त्यांचा चेहरा उतरला.

"पण हे ठरत नाही ना, स्वामीजी. महिना झाला. माझा जीव मेटाकुटीला आलाय. सकाळी उठलं की तिन्ही उघडायची, आकडे वहीत उतरवायचे. दुपारी परत. संध्याकाळी परत. बायको म्हणते, रिटायर झालात ते कशाला?"

"मलाबी तेच म्हणायचं होतं," मी म्हटलं.

"अक्का, तुम्ही खीर बघा."

हा मान बघा. बावीस वर्षं ह्या माणसाला वाढतेय.

खरं सांगायचं तर आकड्याच्या बाबतीत मी साहेबांच्या बाजूची आहे. गुरुवारी जेवायला किती माणसं येणार, हे स्वामी मला कधी सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, येतील तेवढी. येतील तेवढी म्हणजे किती तांदूळ टाकू, हे त्यांनी स्वतः रांधलं असतं तर कळलं असतं. एकदा मी दाराशी खडूनं रेघा मारून मोजायला लागले, तर त्यांनी धोतराच्या सोग्यानं त्या पुसल्या. त्या दिवशी मी रागानं आमटीत मीठच घातलं नाही.

"कुठलं गाव?" स्वामींनी एकदम विचारलं.

"काय?"

"पहिलं यंत्र गाव सांगतं म्हणालास. तुला कुठलं गाव बघायचंय?"

साहेब लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"हुबळी."

"हुबळीत कोण असतं?"

साहेबांनी लॅपटॉप जरा बाजूला सरकवला.

"तम्माण्णा."

"पौर्णिमा," साहेब म्हणाले. "पोरगी माझी. लग्न होऊन तिकडंच गेली."

हुग्गी ढवळणारा माझा पळा थांबला. पौर्णिमाला मी ओळखते. दर श्रावणात यायची मठात, हुग्गी दोनदा मागून घ्यायची. तीन वर्षांत दिसली नव्हती. मी एकदा साहेबांना विचारलं होतं तर म्हणाले होते, नोकरी आहे तिला, सवड नसते.

"बोलत नाही ती," साहेब म्हणाले. "तीन वर्षं झाली."

"का?"

"मळ्याचा कागद केला. तिचा हिस्सा भावाच्या नावावर सोडल्याचा. सगळेच करतात, स्वामीजी. पोरी सासरी जातात, मळा कोण बघणार? आमच्या भावकीत एकाही पोरीनं हिस्सा घेतला नाही."

"तिनं सोडला?"

"सही केली."

"वाचून?"



"दिवाळीला आली होती दोन दिवस. कचेरीत घेऊन गेलो. म्हटलं, मळ्याचं काम आहे, इथं सही कर, इथं अंगठा दे. तिनं दिला. माझा कागद ती कशाला वाचेल? शाळेत होती तेव्हा सुट्टीत माझ्याबरोबर मोजणीला यायची. साखळीचं दुसरं टोक धरायची. उन्हात, अनवाणी. ओरडायची, आप्पा, ताण लागला! मी सांगीन तिथं उभी राहायची. तशीच सही केली तिनं."

"मग?"

"मग कळलं तिला. भावाच्याच तोंडून निघालं. एक फोन आला तिचा. एकच. म्हणाली, आप्पा, नुसतं विचारलं असतंत तर दिलं असतं मी."

चुलीतलं लाकूड सरकलं. मी ते आत लोटलं.

वाईट वाटलं का, म्हणाल तर वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. करंबळवाडीची गोष्ट अकरा वेळा सांगणारा हा माणूस! चाळीस जणांसमोर एका म्हातारीसाठी टेबल मिटणारा! मला पळा घेऊन बाहेर यावंसं वाटलं.

"म्हणून मी लिहायला लागलो," साहेब म्हणाले. "दर गुरुवारी एक लेख. हद्दीचे दगड, जुने नकाशे, बांधाची भांडणं. ती ज्या ज्या गावात माझ्याबरोबर आली, ती सगळी गावं घेतली. बावन्न लेख झाले. आणि स्वामीजी, ती वाचते!"

"कशावरून?"

साहेबांनी पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, रेघांची. रकाने आखलेले, अक्षर कोरल्यासारखं.

"हे बघा. गुरुवार, हुबळी, एक वाचक. पुढचा गुरुवार, हुबळी, एक. त्याच्या पुढचा, हुबळी, एक. सकाळी साडेअकराच्या सुमाराला. पूर्ण लेख. चार मिनिटं, पाच मिनिटं. एकदा तर अकरा मिनिटं होती, तो चिंचेखालच्या दगडाचा लेख होता, तिला तो दगड आवडायचा. पावसाळ्यात तेवढे दोन गुरुवार चुकले, तिला बरं नसेल. हुबळीतून दुसरं कोण वाचणार सांगा? माझे दगड!"

त्यांचे डोळे चमकत होते. तीन यंत्रांचा वैताग कुठल्या कुठं गेला होता.

"पहिलं काढलं तर आकडा राहील, गाव जाईल. ती आली की नाही ते मला कळणार नाही. आणि ठेवलं तर पुतण्या म्हणतो तसं, मागावर राहिल्यासारखं होतं. पोटच्या पोरीच्या... म्हणून तुमच्याकडं आलो."

"लेखात तिच्याबद्दल लिहिलंस?"

"तसं नाव घालून नाही. दगडांबद्दल लिहितो. समजतंय तिला."

"तुझं नाव?"

"नाव नाही घातलं. खात्यातले लोक टिंगल करतात. ब्लॉगचं नाव 'बांधावरून'. खाली लिहिणाऱ्याचं नावही बांधावरूनच."

मला एक विचारायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात हुग्गी खाली लागायला लागली, आणि मी दोन्ही हातांनी ढवळायला लागले.

साहेबांनी घड्याळ बघितलं.

"बारा वाजायला आले. आज अजून आली नाही."

"आज गुरुवार," स्वामी म्हणाले.

"हो ना. सकाळी घरून लेख टाकला आणि इकडं आलो. एरवी लेख टाकला की मळ्यात जातो, आज तुमच्याकडं आलो. साडेअकराला ती येतेच. आज नाही आली." त्यांनी परत लॅपटॉपवर बोट आपटलं. "पहिलं यंत्र आत्ता कोण वाचतंय तेसुद्धा दाखवतं. हे बघा, शून्य. बारा वाजत आले तरी शून्य. काय झालं असेल?"

"घरात पाहुणे असतील," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"गौरा," स्वामींनी मला हाक मारली, "तुझा फोन आण. ह्यानं लिहिलंय काय ते तरी बघू."

"माझे हात भरलेत."

"पूस आणि ये."

मी हात पुसले आणि फोन घेऊन कट्ट्यावर गेले. खीर उतू गेली असती तर कुणी विचारलं असतं का ह्या दोघांना? साहेबांनी पत्ता सांगितला, एकेक अक्षर, खात्यातल्यासारखा. मी चष्मा लावून तो टाकला. पान उघडायला खरंच वेळ लागत होता. मग वर एका दगडाचा फोटो आला. शेवाळलेला, वाकडा.

तेवढ्यात साहेब ओरडले.

"आली!"

स्वामींचं सूप हललं.

"आली, स्वामीजी! बघा! आत्ता वाचतंय, एक. गाव, हुबळी!" त्यांनी लॅपटॉप स्वामींच्या मांडीवर ठेवला, परत उचलला, माझ्याकडं वळवला. "अक्का, बघा, हा ठिपका! उशीर झाला तिला, पण आली. कामात असेल. मी म्हटलं नव्हतं?"

एकसष्ट वर्षांचा माणूस.  डोळ्यांत पाणी आलेलं ते त्याला पुसायचंही सुचत नव्हतं. मला गलबलून आलं. वाटलं, पौर्णिमे, बाई, किती दिवस छळशील ह्याला?

दगडाचा फोटो बघून झाला होता. खिरीची आठवण झाली. मी पान बंद केलं आणि उठले.

"अरे," साहेब म्हणाले. "गेली. एवढ्यात?"

मी तिथंच थांबले.

मी लॅपटॉपकडं बघितलं. शून्य. हातातल्या फोनकडं बघितलं. स्वामी माझ्याकडं बघत होते. अधू नजर म्हणे!

"मी बघते खीर," मी म्हटलं.

"गौरा. परत उघड."

"स्वामीजी, खीर लागतेय..."

"उघड."

मी उघडलं. हे काम माझ्याकडून का करून घेतलं, ह्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

"परत आली!" साहेब म्हणाले. "वाचायचं राहिलं असेल तिचं..."

ते मध्येच थांबले. त्यांनी माझ्या हातातल्या फोनवरचा शेवाळलेला दगड बघितला. मग लॅपटॉपवरचा ठिपका. मग परत दगड.

"बंद करा, अक्का."

मी बंद केलं. शून्य.

"उघडा."

उघडलं. एक. हुबळी.

"तुम्ही कधी हुबळीला..."

"मी उभ्या जन्मात हुबळी बघितली नाही, साहेब."

साहेबांनी स्वतःचा फोन खिशातून काढला. बोट दोनदा चुकलं. पान उघडलं. लॅपटॉपवर एकाचे दोन झाले. दोन्ही हुबळी.

"कर्नाटकच्या सीमेवर आहोत आपण," ते अगदी हळू म्हणाले, "फोनचं नेट तिकडून फिरून येतं. इथला फोन तिकडचा दिसतो. हे मला कळायला पाहिजे होतं. हा लॅपटॉप मी मोजणीतून वगळला होता... माझ्या स्वतःच्या भेटी धरायला नकोत म्हणून. फोन वगळला नाही."

"फोनवर तू कधी बघतोस?" स्वामींनी विचारलं.

"मळ्यात गेल्यावर. फोनवर लेख कसा दिसतो ते बघायला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, चुका राहिल्यात का..."

"किती वाजता?"

साहेबांनी वहीचं पान उलटलं. साडेअकरा. साडेअकरा. अकरा पस्तीस. साडेअकरा.

"पावसात दोन गुरुवार मळ्यात जाता आलं नव्हतं," ते म्हणाले. "ओढ्याला पाणी होतं."



खीर खाली लागल्याचा वास आला. मी उठले नाही.

साहेबांनी वही मिटली. मग उघडली. मग एकदम कट्ट्यावर आपटली, इतक्या जोरात की तांदूळ सुपातून उडाले.

"म्हणजे एकदासुद्धा नाही!"

"तम्माण्णा..."

"एकदासुद्धा नाही, स्वामीजी! बावन्न लेख! रात्र रात्र जागलो, जुने नकाशे धुंडाळले, चार गावांना परत जाऊन आलो. कुणासाठी? चिंचेखालचा दगड कुणासाठी लिहिला मी? मीच लिहिला आणि अकरा मिनिटं मीच वाचत बसलो! ही यंत्रं गेली खड्ड्यात. तिन्ही काढतो. पण बापानं वर्षभर लिहावं आणि पोरीनं एकदा, नुसतं एकदा डोकावू नये? एवढा राग? एवढा?"



त्यांनी खिशाचं पेन काढलं. वहीतलं आजचं पान उघडलं. आजची तारीख घातलेली होती, रकाना आखलेला होता, आत हुबळी असं आधीच लिहून ठेवलेलं होतं. त्याच्यापुढची जागा मोकळी होती.

अक्षर तसंच कोरीव आलं. त्यांनी लिहिलं, गैरहजर.

खाली रेघ मारली. मग आधीच्या पानांवर गेले आणि एकेक गुरुवार खोडून त्याच्यापुढं तोच शब्द लिहायला लागले. गैरहजर. गैरहजर. मला ते बघवेना. मी तोंड उघडलं, खिरीमुळं मघाशी राहिलेलं विचारायला.

स्वामींनी मला बोटानं गप्प केलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हात झटकले. उजवा हात साहेबांच्या समोर धरला, तळवा वर करून.

साहेब लिहायचे थांबले. त्यांनी त्या हाताकडं बघितलं. वही पुढं केली. स्वामींनी घेतली नाही. पेन पुढं केलं. तेही घेतलं नाही.

"काय पाहिजे, स्वामीजी?"

हात तसाच होता.

"काय देऊ?"

"गैरहजर लिहितोयस ना," स्वामी म्हणाले. "मग तिच्या नोटिशीची पोच कुठाय, तम्माण्णा?"